शिकाऱ्यांनी राखलेली नीलगिरी

१८७९ साली मद्रास इलाख्यात एकाच जिल्ह्यापुरता एक कायदा झाला: नीलगिरी शिकार व मत्स्य संरक्षण कायदा. त्या काळी सरकार जंगलाविषयी काही करी ते बहुधा लाकडासाठी. जनावरांपैकी हत्तीला मद्रास सरकारने १८७३ मध्येच कायद्याचं कवच दिलं होतं, पण हत्ती ओंडके ओढायचा, तोफा ओढायचा, सरकारी कामाचा होता. सांबर, भेकर, रानबकरा, रानकोंबडा यांच्यापासून तिजोरीत दमडीही पडत नव्हती. तरी त्यांच्यासाठी कायदा झाला, कारण तो मागणारी मंडळी वजनदार होती. आणि ती झाडून सगळी शिकारी होती.

या मंडळींचा संघ म्हणजे नीलगिरी गेम असोसिएशन. तिचा जन्म कोणी १८७७ चा धरतात, कोणी कायद्याच्या वर्षापासून हिशेब करतात. तो घोळ अभ्यासकांनी निस्तरावा. दोन्ही हिशेबांनी एक गोष्ट खरी ठरते. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली १८८३ मध्ये, म्हणजे उटीचा हा शिकारी संघ तिच्याहूनही जुना. नाव दोनदा बदलून तो आजही उटीत आहे आणि वन्यजीव रक्षणाचं काम करतो. बंदुका घेऊन एकत्र आलेल्या लोकांनी जनावरं वाचवली, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. ते कसं घडलं, कोणाच्या जिवावर घडलं आणि त्यातलं काय टिकलं, हे तपासण्यासारखं आहे.

१८१९ साली कोइम्बतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन नीलगिरीच्या पठारावर चढला. वर त्याला विलायतेसारखी थंडी मिळाली, आणि पाचसहा वर्षांच्या आत उटकमंड, म्हणजेच उटी, वसू लागलं. या डोंगरात सह्याद्री आणि पूर्व घाट एकमेकांना भेटतात. दोड्डबेट्टा शिखर २,६३७ मीटर उंच आहे. वरचा प्रदेश मात्र शिखरांचा कमी आणि लाटांसारख्या गवताळ उतारांचा जास्त. दोन उतारांच्या घळीत, पाणी धरून, बुटक्या दाट झाडांचं रान वाढतं. त्याला तिथे शोला म्हणतात. गवतावर तोडा लोकांच्या म्हशी चरत, शोलांत सांबर आणि गवे लपत, आणि पठार जिथे तुटून खाली कोसळतं त्या कड्यांवर नीलगिरी ताहरचे कळप वावरत.

ताहर ही हिमालयाच्या दक्षिणेला भारतात आढळणारी एकमेव डोंगरी रानबकरी. तमिळमध्ये तिला वरैआडु म्हणतात. साहेबांनी तिचं नाव ‘आयबेक्स’ ठेवलं होतं आणि तिच्या जुन्या, पाठीवर रुपेरी पट्टा आलेल्या नराला ते ‘सॅडलबॅक’ म्हणत. असा नर मिळवायचा तर पहाटेच्या धुक्यात कड्यावरून सरपटत जावं लागे. जनावर नजरेला तीक्ष्ण आणि वारा बदलला की पसार. म्हणूनच त्याची मस्तकं क्लबांच्या भिंतींवर मानाने लागत.

डग्लस हॅमिल्टन हा लष्करी अधिकारी १८५०च्या दशकात नीलगिरी आणि भोवतालचे डोंगर पायाखाली घालत होता. चित्रंही काढायचा आणि बारही टाकायचा. त्याच्या आठवणींत या पठाराची भरलेली अवस्था दिसते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती ओसरली. कॉफी आली, चहा आला, १८६० पासून सिंकोनाच्या सरकारी बागा आल्या. वेलिंग्टनची छावणी वसली आणि सुटीच्या दिवशी सोजिरांना बंदुकीखेरीज करमणूक उरली नाही. १८७० पासून मद्रास सरकारच उन्हाळ्यात उटीला येऊ लागलं. त्याच्यामागून सेक्रेटरी, कारकून, वकील, व्यापारी, खानसामे, सगळा लवाजमा डोंगर चढू लागला. बाजारात हरणाचं मांस खपू लागलं. आणि याच सुमाराला वायनाडच्या बाजूला सोनं सापडल्याची आवई उठली. लंडनमध्ये कंपन्या निघाल्या, खाणवाले आले. सोनं फारसं निघालं नाही, पण बंदुका आणखी वाढल्या.

उटीच्या वर्तमानपत्रात ‘हॉकआय’ या टोपणनावाने एक जुना शिकारी लिहीत असे. शिकार कशी करावी हे तो सांगायचाच, पण जनावर कसं संपत चाललं आहे याची तक्रारही करायचा. त्याचं लेखन १८७६ मध्ये उटीतच पुस्तकरूपाने निघालं. संघ निघाला तो या वातावरणात. गव्हर्नरच दरवर्षी पाहुणा म्हणून डोंगरावर असल्यामुळे अर्ज पोचवायला लांब जावं लागलं नाही.

इथे तारखांकडे नीट पाहिलं पाहिजे. १८७६ ते १८७८ ही मद्रास इलाख्यातल्या भीषण दुष्काळाची वर्षं. डोंगराखाली लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्याच सुमाराला डोंगरावर सांबरांच्या शिकारीला हंगाम असावा की नसावा, याचा विचार चालला होता. कायदा करणारे क्रूरच होते असं नव्हे, पण सरकारच्या कानात कोणाचा आवाज लवकर शिरतो, हे या जोडीवरून कळतं. विनोद असा की कायद्याच्या प्रस्तावनेत खाण्याजोग्या पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा हेतू सांगितला होता. तो मागणाऱ्यांना मांसापेक्षा शिंगांची ओढ अधिक होती.

कायदा तसा छोटा. कोणती जनावरं ‘गेम’, म्हणजे राखीव शिकार, याची यादी दिली: गवा, सांबर, ताहर, भेकर, सगळ्या जातींची हरणं, ससे, रानकोंबड्या, मोर, तितर, लावे, चकोत्र्या. वाघ-बिबळ्यांचं नाव त्यात नव्हतं. वर्षातला काही काळ बंदीचा ठरवता येईल, त्या काळात ही जनावरं मारायची नाहीत, पकडायची नाहीत आणि विकायचीही नाहीत. विक्रीवरची ही बंदी महत्त्वाची होती, कारण शिकाऱ्यांच्या मते खरा शत्रू बाजार होता. पुढे वनखात्याच्या नियमांची जोड मिळाली आणि परवान्याची पद्धत बसली. परवाना घ्यायचा, पैसे भरायचे, किती आणि काय मारायचं याच्या मर्यादेत राहायचं, माद्या आणि पिल्लं सोडायची, आणि हंगाम संपल्यावर काय मारलं ते कळवायचं. संघाने राखणदार नेमले.

शेवटची अट सगळ्यांत कंटाळवाणी, पण पुढे तीच सगळ्यांत मोलाची ठरली. मारलेल्या जनावरांची यादी साल-दरसाल साठत गेली. हिंदुस्थानातल्या बहुतेक रानांत जनावरं कमी झाली हे लोकांना कळलं ते म्हाताऱ्यांच्या आठवणींवरून. नीलगिरीत ते वहीवरून कळत होतं. वह्या भरल्या त्या शिकारीचा आनंद टिकावा म्हणून, पण एखादा आकडा खाली येऊ लागला की तो कोणाच्याही नजरेत भरे.

कायद्याच्या नावातल्या माशांची गोष्टही त्याच वृत्तीची. नीलगिरीच्या झऱ्यांत गळ टाकण्यासारखा मासा नाही, हे साहेबांचं मोठं दुःख होतं. मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे याने १८६०च्या दशकात ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. टेंच आणि कार्प हे परदेशी मासे १८७०च्या दशकात उटीच्या तलावात आले. ट्राउट खऱ्या अर्थाने रुजला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एच. सी. विल्सन यांच्या खटपटीने, अव्हलांचच्या उबवणी केंद्रातून. मूळच्या माशांचं काय झालं हे विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. डोंगर आपल्याला हवा तसा घडवायचा आणि मग त्याचं रक्षण करायचं, हा क्रम कोणालाही खटकत नव्हता.

कोळसुंद्यांच्या बाबतीत हीच वृत्ती उघडी पडते. रानकुत्र्यांची ही जात कळपाने शिकार करते आणि जनावर जिवंत असतानाच फाडते, म्हणून शिकारी तिचा मनापासून द्वेष करत. सांबर मारणारा स्पर्धक, एवढाच तिचा गुन्हा. नीलगिरीत कोळसुंदे मारणाऱ्याला बक्षीस मिळे. वाघ आणि बिबळ्या यादीबाहेरच होते. म्हणजे ‘संरक्षण’ या शब्दाच्या आत अर्धी जनावरं होती आणि उरलेली अर्धी बाहेर.

माणसांचीही अशीच वाटणी झाली. डोंगरात बडगा शेतकरी होते. बटाटा आणि धान्य पिकवत, आणि पिकात सांबर शिरलं तर त्याला हाकलत किंवा मारत. उतारांवरच्या रानांत कुरुंबा आणि इरुळा राहत. सापळे, फासे, कुत्री ही त्यांची साधनं आणि मांस हे त्यांचं अन्न. तोडा शाकाहारी, म्हशी पाळणारे; त्यांचा शिकारीशी संबंध नव्हता. संघाच्या भाषेत मात्र शिकाऱ्यांच्या दोनच जाती होत्या. एक परवान्याचा, उमदा, नियम पाळणारा; दुसरा हंडीसाठी मारणारा, चोरटा. पहिल्या जातीत बहुतेक गोरे आले आणि दुसरीत बहुतेक काळे. गरोदर सांबरी मारणारे गोरेही होते, त्यांची कागाळी शिकाऱ्यांच्याच लेखनात सापडते. पण राखणदाराचा हात कोणाच्या मानगुटीवर आधी पडत असेल, हे सांगायला पुरावा लागत नाही.

म्हणून या संघाकडे पाहण्याचे दोन पक्ष पडतात. एकाला तो वन्यजीवांचा पहिला रक्षक वाटतो, दुसऱ्याला रानातल्या माणसांच्या तोंडचा घास काढणारी साहेबांची टोळी. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. पण संघाचं मोल ठरवायचं तर त्याच्या हेतूंपेक्षा त्याच्या परिणामांकडे पाहणं अधिक उपयोगाचं, आणि परिणाम सरळ रेषेत आले नाहीत.

कायदा होऊनही ताहर घटतच गेला. विसाव्या शतकाच्या तोंडावर त्यांची संख्या शंभराच्या आसपास उतरल्याचा अंदाज होता. मग नियम आवळले गेले, राखण वाढली, आणि १९२०च्या दशकापर्यंत कळप पुन्हा वाढल्याचं शिकाऱ्यांच्याच नोंदी सांगतात. पठाराच्या काठावरच्या कुंदाच्या कड्यांवर ताहर टिकला यात संघाचा वाटा नाकारता येणार नाही. भूगोलाचीही मदत झाली हे खरं. त्या कड्यांवर चहा लावता येत नाही. तरी त्याच काळात नुसत्या भूगोलाच्या भरवशावर राहिलेले सह्याद्रीतले कितीतरी ताहरचे डोंगर रिकामे झाले.

१९३०च्या दशकात संघाची धुरा लेफ्टनंट कर्नल ई. जी. फिदियन-ॲडम्स यांच्याकडे होती. निवृत्त फौजी, जातिवंत शिकारी आणि तितकाच चिकट लेखनिक. त्यांनी १९३९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात संघाचा साठ वर्षांचा इतिहास लिहिला. आज या संघाबद्दल जे खात्रीने बोलता येतं, त्यातलं बरंचसं त्या लेखाच्या पायावर उभं आहे.

उटीच्या शिकाऱ्याने मुंबईच्या नियतकालिकात लिहावं हे स्वाभाविक होतं. ही सोसायटीही मुंबईतल्या आठ हौशी मंडळींनी सुरू केली होती. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी डॉक्टर होते. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकाऱ्यांचा भरणा मोठा होता आणि देशभरचे रायफलवाले आपल्या नोंदी तिथे पाठवत. १९३३ मध्ये सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांनी भारतातल्या वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि त्यावर लेखमाला चालली. विचार बदलत होता. हंगाम आणि मर्यादा पुरत नाहीत, काही जागा बंदुकीला पूर्ण बंद असल्या पाहिजेत, हे शिकारीच म्हणू लागले होते. १९४० मध्ये नीलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलाईचं अभयारण्य झालं, सुरुवातीला अवघं ६० चौरस किलोमीटरचं.

नीलगिरीच्या दक्षिणेला, मुन्नारच्या चहामळ्यांत, याच धर्तीचा दुसरा प्रयोग चालू होता. तिथल्या मळेवाल्यांनी १९२८ मध्ये हाय रेंज गेम प्रिझर्व्हेशन असोसिएशन काढली. मुन्नारजवळचं एरविकुलमचं पठार त्यांनी आपल्यासाठी शिकारीचं राखीव रान म्हणून ठेवलं. तिथे चहा लावला नाही, रस्ता नेला नाही. राखणीला त्यांनी मुदुवान आदिवासींना घेतलं. नीलगिरीत रानातला माणूस बहुधा चोर ठरला. मुन्नारला तोच राखणदार झाला. १९७१ मध्ये केरळ सरकारने कायदा करून मळ्यांकडची जादा जमीन परत घेतली, १९७५ मध्ये एरविकुलम अभयारण्य झालं आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आज जगातले सर्वांत जास्त ताहर एका जागी पाहायचे तर तिथेच जावं लागतं. मुन्नारच्या मळेवाल्यांना यश का आलं याचं उत्तर भाबडं नाही. अख्खा डोंगर एकाच कंपनीच्या ताब्यात होता, दुसरा दावेदार नव्हता. उटीच्या संघाकडे मात्र नियम होते, राखणदार होते, जमीन नव्हती.

जमीन नसण्याची किंमत स्वातंत्र्यानंतर कळली.

साहेब गेले, काही मळेवाले उरले. सभासदांत भारतीय नावं वाढली. पण खरा बदल बाहेर घडत होता. पायकाराचा वीजप्रकल्प १९३०च्या दशकातच सुरू झाला होता. १९५०-६०च्या दशकांत कॅनडाच्या मदतीने कुंदा प्रकल्पाचं काम निघालं. अव्हलांच, एमराल्ड, अपर भवानी, पोर्थिमुंड; जिथे फक्त ताहरच्या मागावरचा शिकारी पोचायचा, तिथे धरणं झाली, रस्ते गेले, मजुरांच्या वसाहती उठल्या. त्यांच्याबरोबर फासे आणि बंदुका आल्या.

त्याहून मोठा घाव झाडांनी घातला. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत इंग्रजांची; त्यांनीच ऑस्ट्रेलियातून वॅटल आणि निलगिरीची झाडं आणून लावायला सुरुवात केली होती. स्वतंत्र भारताच्या वनखात्याने ती समजूत जशीच्या तशी उचलली आणि कामाला लावली. वॅटलची साल चामडं कमावायला, निलगिरीचं लाकूड सरपणाला आणि कारखान्यांना. हेक्टरामागून हेक्टर गवत झाडांखाली गेलं. १९६८ पासून श्रीलंकेतून परतलेल्या तमिळ कुटुंबांना काम देण्यासाठी सरकारी चहामळे निघाले. त्या माणसांना पोटाला हवं होतं, पण जमीन पुन्हा रानाचीच गेली. ताहर गवतावर जगतो. शिकारबंदी कितीही कडक केली तरी गवत नसेल तर त्याला काय? एका जनावरामागे एक गोळी, असा हिशेब करत आलेल्या संघापाशी या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पाऊणशतकाची हिशेबवही गोळ्या मोजत होती. कुरण कोणी मोजलंच नव्हतं.

निदान जिवंत जनावरं मोजायला लागला एक वकील. ई. आर. सी. डेव्हिडार कुन्नूरला वकिली करत. तेही आधी शिकारी, मग बंदूक ठेवून दिलेले. संघाचं मानद काम त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. संघाच्या नावातला ‘गेम’ जाऊन ‘वाइल्डलाइफ’ आला होता, पण नाव बदलणं सोपं असतं. डेव्हिडारांनी काम बदललं. १९६३ मध्ये त्यांनी नीलगिरीतल्या ताहरची मोजणी केली आणि २९२ जनावरं नोंदवली. मोजणी म्हणजे दुर्बिणी घेऊन कड्याकड्यांवर माणसं बसवायची, धुकं हटण्याची वाट पाहायची, आणि एकच कळप दोनदा मोजला जाऊ नये म्हणून टिपणं ताडून पाहायची. याला लागणारं कसब शिकाऱ्याचंच: कळप केव्हा चरायला निघतो, वारा फिरला की कुठे वळतो, नर वेगळे कुठे बसतात. शंभर वर्षं जे ज्ञान नेम धरायला वापरलं, ते इथे आकडे धरायला कामी आलं.

१९६९ मध्ये प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर ताहरच्या शोधात दक्षिणेत आले. त्यांचं निरीक्षण पुढच्याच वर्षी मुंबईच्या त्याच नियतकालिकात छापून आलं आणि जगाला या रानबकरीची ओळख झाली. डेव्हिडारांनी १९७५ मध्ये पुन्हा मोजणी केली: ३३४. मग ते नीलगिरीबाहेर पडले. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात ताहर असेल अशी शंका जिथे जिथे होती, ते डोंगर त्यांनी चालून पाहिले. या भटकंतीतून सगळ्या ताहरचा पहिला विश्वासार्ह अंदाज हाती आला, सुमारे २,२०० जनावरांचा. कुठल्या डोंगरावर किती, कुठे कळप तुटून एकटा पडला आहे, कुठे नुसती जुन्या लोकांची आठवण उरली आहे, हे त्यात होतं. सरकारी खात्यांकडेही तेव्हा असा नकाशा नव्हता.

मसिनगुडीजवळ, सिगूरच्या रानात, डेव्हिडारांनी घर बांधलं आणि दारातून जाणारी जनावरं पाहत लिहीत राहिले. १९७५ मध्ये त्यांनी ज्या प्राण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला तो होता कोळसुंदा. ज्याच्या शेपटीवर कधीकाळी बक्षीस होतं, त्याच्या कळपातली वागणूक, त्याची पिल्लं, त्याची शिकार याविषयी नीलगिरीच्या शिकारी संघाचाच माणूस आस्थेने लिहीत होता. या संघाच्या इतिहासात मतपरिवर्तनाचा याहून ठसठशीत पुरावा नाही.

दरम्यान दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला होता. १९७२ च्या त्या कायद्याने ताहरला पहिल्या परिशिष्टात घातलं. त्याची शिकार कायमची बंद. तमिळनाडूत तो लागू झाला आणि नीलगिरीच्या परवान्यांची पद्धत संपली. ज्या कामासाठी संघ जन्मला, ते कामच उरलं नाही. देशातले अनेक शिकारी क्लब अशा वेळी पत्त्यांचे आणि बिलियर्ड्सचे क्लब होऊन बसले. हा संघ तगला, कारण परवाना गेला तरी त्याच्याकडे मोजणी होती, नोंदी होत्या, आणि सरकारदरबारी अर्ज करायची शंभर वर्षांची सवय होती. आपल्या नव्या नावात त्याने पर्यावरणालाही जागा दिली.

१९८२ मध्ये मुकुर्तीचा परिसर अभयारण्य झाला, मुख्यतः ताहरसाठी. १९८६ मध्ये नीलगिरी हे देशातलं पहिलं जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झालं, ५,५२० चौरस किलोमीटरचं, तीन राज्यांत पसरलेलं. १९९० मध्ये मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र ७८.४६ चौरस किलोमीटर. गंमत अशी की हे उद्यान म्हणजे बऱ्याच अंशी त्या जुन्या सॅडलबॅकच्या शिकारीचाच पट्टा. शिकाऱ्यांनी जिथे राखणदार ठेवले होते तिथेच राखायला काही उरलं होतं.

जमाखर्च मांडताना खर्चाची बाजू झाकून चालणार नाही. कुरुंबा-इरुळांना चोर ठरवण्याची जी चौकट त्या काळी बसली, ती साहेबांबरोबर गेली नाही. वनखात्याने ती वारशाने घेतली. २००६ चा वनहक्क कायदा होईपर्यंत रानात राहणाऱ्याला रानावर बोलण्याचा अधिकार कागदावर मिळाला नव्हता. मुदुवानांना राखणीला घेण्याचा मुन्नारचा मार्ग उटीला त्या काळात खुला होता. तो घेतला गेला नाही. ही चूक अजाणतेपणाची नव्हती. हंडीत शिजणाऱ्या सांबरापेक्षा भिंतीवर टांगलेलं सांबर त्या मंडळींना अधिक सभ्य वाटत होतं, एवढंच तिचं कारण.

जमेला मात्र ती वही येते. मारलेल्या जनावरांच्या यादीतून जिवंत जनावरांची मोजणी निघाली, त्या मोजणीतून उद्यानाची हद्द निघाली. परदेशी झाडं काढून गवत परत आणण्याचं काम आता वनखातंच करतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जे लावलं तेच उपटण्याचं. किती गवत परत आलं की किती ताहर वाढतील, हे ठरवायलाही जुन्या आकड्यांशीच ताडून पाहावं लागतं, आणि ते जुने आकडे डेव्हिडारांचे आहेत.

तमिळनाडू सरकारने २०२२ च्या अखेरीस नीलगिरी ताहर प्रकल्प जाहीर केला, त्यासाठी पंचवीस कोटी रुपये ठेवले. राज्याचा अधिकृत प्राणी तर तो आधीपासूनच होता. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडू आणि केरळ या दोन्ही राज्यांनी पहिल्यांदाच एकाच वेळी ताहर मोजले. दोन्हीकडचे मिळून अडीच हजारांहून अधिक भरले. तमिळनाडूत ७ ऑक्टोबर हा दिवस आता नीलगिरी ताहर दिन म्हणून पाळला जातो. तो कोणा मंत्र्याच्या किंवा गव्हर्नरच्या नावे नाही. कुन्नूरच्या त्या वकिलाच्या सन्मानार्थ आहे.